टाकून दिलेला साका

चरबीतल्या मूळपेशींचा जन्म २००१चा, असं सांगायची पद्धत आहे. लायपोसक्शननंतर फेकली जाणारी चरबी पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी तपासली, तिच्यातल्या पेशींपासून हाड, कूर्चा, मेद घडू शकतात हे दाखवलं. मला ती तारीख पटत नाही. खरी पाककृती १९६४ची, मार्टिन रॉडबेल यांची.

त्यांना मूळपेशींशी काही देणंघेणं नव्हतं. हार्मोनचा मेदपेशींवर परिणाम पाहायचा, तर निव्वळ मेदपेशी हव्या. उंदराच्या चरबीचे तुकडे कोलॅजिनेज या विकराने सुटे केले, मिश्रण फिरवलं. मेदपेशी सायीसारख्या वर आल्या, तळाला साका बसला: केशवाहिन्यांचे तुकडे आणि त्यांना बिलगलेल्या पेशी. रॉडबेल साय घेऊन पुढे गेले. त्या वाटेवर १९९४चं नोबेलही मिळालं.

साक्याला गिऱ्हाइकं मिळाली ती रक्तवाहिन्यांच्या अभ्यासकांत! सत्तरच्या दशकात वॅग्नर यांनी उंदराच्या चरबीतूनच केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वेगळ्या काढल्या. पुढे फिलाडेल्फियात विल्यम्स आणि जॅरेल यांनी माणसाच्या चरबीतल्या अशा पेशींचं अस्तर कृत्रिम धमन्यांना लावून पाहिलं. विकर तोच, साकाही तोच. अस्तर हवं असणाऱ्याला त्यातल्या बाकीच्या पेशी म्हणजे भेसळ; झुक यांनी उचलली ती ही भेसळ, असं माझं ठाम मत.

या मूळपेशी केशवाहिन्यांना बिलगलेल्याच; म्हणूनच जखमेत त्या नव्या वाहिन्या फुटायला मदत करतात, याचं मला नवल वाटत नाही. मदत कशी, यावर मात्र भांडण आहे. २००४मध्ये तुलूझच्या गटाने म्हटलं, या पेशी स्वतःच अस्तर बनतात. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या रेहमान आणि मार्च यांनी दाखवलं, की ऑक्सिजन कमी पडला की त्या व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन सुमारे पाचपट सोडतात. माझा कौल इंडियानापोलिसला. टोचलेल्या पेशी फार काळ टिकत नाहीत, तरी रक्तप्रवाह सुधारतो. नुसत्या अस्तराने हे उलगडत नाही.

या पेशींच्या कुळाचा वाद अजून मिटलेला नाही. २००८मध्ये क्रिसान आणि पेओ यांनी बोट दाखवलं केशवाहिनीला मिठी मारून बसणाऱ्या पेरिसाइटकडे. २०१७च्या उंदरांवरच्या प्रयोगात त्या प्रयोगशाळेतल्या बशीत मूळपेशींसारख्या वागल्या, जिवंत शरीरात मात्र नाही. दुसरे दावेदार वाहिनीच्या बाहेरच्या आवरणातले. माझी पैज त्यांच्यावर. कुणीही जिंकलं तरी पत्ता वाहिनीच्या भिंतीचाच.