कुंडाचं कूळ

वाशिमच्या शेतकऱ्याला 65 मिलिमीटर हा आकडा तोंडपाठ असतो. 24 तासांत मंडळात त्याहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, मग पंचनामा. पर्जन्यमापक मात्र सकाळी साडेआठला, दिवसातून एकदाच वाचला तरी भागतं. इतक्या संथ मोजणीतून रात्री दोनला कोसळलेली सर निसटत का नाही? माझं म्हणणं असं की याचं उत्तर आणि सेन्सरच्या नोंदी ठेवणाऱ्या आजच्या डेटा लॉगरमधल्या फिल्टरचं मूळ एकच आहे.

आधी अडचण पाहू. मोटारपंपाशेजारी ओलावा मोजणारा सेन्सर पुरला, तर त्याची तार विजेची गुणगुण उचलते. लॉगर सेकंदाला एकच नमुना घेत असेल आणि वीज 50 ऐवजी 49.98 हर्ट्झवर असेल, तर आलेखात 50 सेकंदांची संथ लाट उमटते. जमिनीत तसलं काही घडलेलंच नसतं. हेच एलियसिंग. नायक्विस्ट (1928) आणि शॅनन (1949) यांचा नियम सर्वांना माहीत आहे: सर्वांत जलद बदलाच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घ्या. पण सेकंदाला हजार नमुने घेऊन त्यांतला एकच ठेवला, तर खोटी लाट जशीच्या तशी परत येते. टाकण्याआधी गाळावं लागतं.

1981 मध्ये यूजीन होगेनॉअर यांनी त्यासाठी गुणाकाराशिवाय चालणारा फिल्टर मांडला. येणाऱ्या प्रत्येक नमुन्याची बेरीज करत राहायचं आणि ठरल्या वेळी आताच्या बेरजेतून मागची बेरीज वजा करायची. त्याची एक पायरी म्हणजे न रिकामा केलेला पर्जन्यमापकच! आजच्या पातळीतून कालची वजा केली की दिवसाचा पाऊस हाती येतो.

या रीतीचा पुरावा फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारात पाऊस मोजण्यासाठी अरत्नीभर (हातभर) तोंडाचं कुंड ठेवायला सांगितलं आहे. जांगल प्रदेशाला 16 द्रोण, अवंतीला 23 द्रोण असे वर्षाच्या पावसाचे आकडे दिले आहेत. शिवाय पावसाचा एक तृतीयांश पहिल्या व शेवटच्या महिन्यांत, दोन तृतीयांश मधल्या दोन महिन्यांत पडावा, असंही म्हटलं आहे. चार महिन्यांचा पाऊस दोनच भागांत मांडायचा आणि एकही सर गमवायची नाही, हे साठवल्याशिवाय जमत नाही. या वाटण्या कुंडातल्या मापांच्या बेरजांतूनच आल्या, असा माझा ठाम अंदाज आहे. कोरियात राजा सेजोंगच्या काळात, 1441 मध्ये, पर्जन्यमापक आला तो यानंतर.

फिल्टरच्या मुळावर प्रतिस्पर्धी दावा समुद्राकडून येतो. मुंबईत अपोलो बंदरावरच्या भरतीच्या नोंदी 1878 पासून आहेत. भरतीमापकाच्या विहिरीला लहान भोक असतं, म्हणून बाहेरच्या लाटा आत शमतात. लॉगरच्या तोंडाशी असलेला रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर या विहिरीचा वंशज, हे मला मान्य आहे. पण विहीर लाट कमी करते, शून्य करत नाही. शिवाय भोक शेवाळाने बुजलं की तिचं वागणं बदलतं. कुंडाचं तसं नाही. नेमक्या 24 तासांची बेरीज घेतली की रोज दुपारी येणाऱ्या वळवाचं चक्र तीत पूर्ण सामावतं आणि खोटा चढउतार दाखवत नाही. नेमक्या 20 मिलिसेकंदांची सरासरी घेणारा व्होल्टमीटर 50 हर्ट्झची गुणगुण याच न्यायाने पुसतो. इथे अचूकता घड्याळावर ठरते, आणि घड्याळ पाळणं सोपं.

कुंडाचीही एक उणीव आहे. ज्या लयी नमुनाकाळात पूर्ण संख्येने बसत नाहीत, त्या थोड्या झिरपतात. नमुनाकाळाहून जलद लयींत सर्वांत मोठी गळती सुमारे पाचव्या हिश्श्याची. होगेनॉअर यांनी म्हणूनच अशा अनेक पायऱ्या एकामागून एक जोडल्या. कौटिल्यापासून त्यांच्यापर्यंत कागदोपत्री वारसा नाही, पण रीतीचा आहे. म्हणून लॉगर विकत घेताना तो किती जलद मोजतो एवढंच विचारू नका. दोन नोंदींच्या मधलं तो साठवतो की फेकतो, हे आधी विचारा.