डायना प्रिन्सची नोकरी

सुपरहिरोईनच्या कथांचा अभ्यास कुठून सुरू करावा, असे नवे विद्यार्थी विचारतात. मी सांगतो, तिच्या नोकरीपासून. तिच्या शक्तींवर आणि शत्रूंवर पुष्कळ लिहून झाले आहे. पण चारचौघींत मिसळताना ती जे नाव लावते, जे काम पत्करते, त्यातून त्या काळाने बाईला किती जागा दिली होती हे कळते.

‘वंडर वुमन’चेच पाहा. मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन यांनी लिहिलेली आणि एच. जी. पीटर यांनी चितारलेली ही ॲमेझॉन राजकन्या १९४१ साली वाचकांसमोर आली. जानेवारी १९४२ च्या ‘सेन्सेशन कॉमिक्स’मध्ये तिला जखमी अमेरिकी वैमानिक स्टीव्ह ट्रेव्हरजवळ राहायचे असते. रुग्णालयाबाहेर तिच्यासारखीच दिसणारी एक नर्स रडत बसलेली असते. होणाऱ्या नवऱ्याला दक्षिण अमेरिकेत नोकरी लागलेली, पण हिला बोलावून घ्यायला त्याच्यापाशी पैसे नाहीत. राजकन्या पैसे देते आणि तिची कागदपत्रे घेते. सुपरमॅनला ‘क्लार्क केंट’ हे नाव पालक आईबापांनी दिले; डायना प्रिन्स हे मात्र एका खऱ्या, गरजू बाईचे नाव आहे. त्याच वर्षी ती मूळ डायना परतते, लग्न आणि मूल झालेली, पुन्हा नोकरी हवी असलेली. साऱ्या मालिकेत मला ही कथा सर्वांत मोलाची वाटते, कारण उसन्या नावाची खरी धनीण तिथे आपला हक्क मागते.

पुढे डायना लष्करी गुप्तचर विभागात सेक्रेटरी होते. गंमत नव्हे, वेदना आहे ती: महानायकांच्या ‘जस्टिस सोसायटी’तही वंडर वुमनला सेक्रेटरीचेच काम मिळते! १९६८ मध्ये ती शक्ती सोडून कपड्यांचे बुटीक चालवते. १९७२ साली ‘मिस’ मासिकाने तिला जुन्या वेषात मुखपृष्ठावर आणले आणि १९७३ मध्ये शक्ती परतल्या. १९८७ च्या जॉर्ज पेरेझ यांच्या नव्या मांडणीत तर गुप्त ओळखच उरली नाही.

लपलेली नावे पानांबाहेरही आहेत. मार्स्टन ‘चार्ल्स मोल्टन’ नावाने लिहीत. त्यांच्या घरात राहणाऱ्या ऑलिव्ह बर्न मासिकांत ‘ऑलिव्ह रिचर्ड’ होत्या. १९४४ पासून जॉय हमेल या तरुणीने अनेक कथा लिहिल्या, पण अंकांवर नाव मोल्टनचेच राहिले. या ग्रंथाचे पहिले प्रकरण हमेल यांच्या कथांवर आहे. वाचकांनी तिथून आत यावे.