स्ले राइड

१. ‘स्ले राइड’ : लेखकाने ओघात ‘नाताळचं गाणं’ म्हटले असले, तरी ही मुळात शब्दांवाचूनची वाद्यवृंदरचना आहे. अमेरिकन संगीतकार लिरॉय अँडरसन यांना ती सुचली १९४६च्या जुलैमध्ये, कनेटिकटमध्ये अंगाची लाही लाही होत असताना. ती पूर्ण झाली १९४८च्या फेब्रुवारीत. पहिला प्रयोग ४ मे १९४८ रोजी बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाने आर्थर फीडलर यांच्या संचालनाखाली केला. म्हणजे तोही ऐन थंडीत नव्हेच. बर्फावरच्या घोडागाडीचा सारा थाट वाद्यांतूनच उभा राहतो. घुंगरांची माळ वाजत असते, टापा उमटतात त्या पोकळ लाकडी ठोकळ्यांवर. पुढच्या परिच्छेदातला ‘चाबूक’ म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, फटकन एकमेकींवर आपटलेल्या. शेवटी घोडा खिंकाळतो तो ट्रम्पेटमधून : वादक कळा अर्ध्याच दाबून सूर घसरवतो. (ध्वनिमुद्रिका ऐकताना ही जागा चुकवू नये.) मिचेल पॅरिश यांनी शब्द घातले ते १९५० साली. त्यांत नाताळचा उल्लेख नाही. मेजवानी आहे ती वाढदिवसाची. येथे अभिप्रेत आहे ती वाद्यरचनाच. — संपा.