बिदरी हुक्का आणि त्याचे बेनाम उस्ताद

हैदराबादच्या मराठी घरांत बिदरीचे एखादे तरी भांडे असतेच. लग्नात आलेली काळी फुलदाणी, नाहीतर निवृत्तीच्या दिवशी मिळालेला छोटा चारमिनार. सरकारी कार्यालयांत तर हा रिवाजच आहे. साहेब निवृत्त व्हायचे असले की वर्गणी निघते, कोणीतरी ‘गोलकोंडा’ एम्पोरियममध्ये जाऊन खोके घेऊन येतो आणि शाल, हार, बिदरी अशा क्रमाने समारंभ पार पडतो. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे भालकी, औराद, उदगीर, नांदेड या पट्ट्यातली. त्यामुळे बीदर आपल्याला परके नाही. पण बिदरीचा कारागीर शेदोनशे वर्षांपूर्वी फुलदाण्यांवर जगत नव्हता, हुक्क्यावर जगत होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. जगभरच्या संग्रहालयांत जुनी बिदरी म्हणून जे मांडलेले असते, त्यात हुक्क्याची बुडे सर्वात उठून दिसतात.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि उत्तरेच्या आधी दख्खनमध्ये रुजली. अकबराचा सरदार असद बेग शाहजादा दानियालच्या लग्नासाठी आदिलशहाची मुलगी आणायला विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू प्रथम पाहिली. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने ती बादशहाला नजर करण्यासाठी बरोबर नेली. सोबत जडावाची नळी होती आणि तोंडाशी येमेनच्या अकीकाचे टोक. अकबराने दोन-तीन झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली आणि दरबारात वाद रंगला. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली. बंदीचे काय झाले ते सांगायला नको. गुटख्याच्या बंदीचे काय होते ते आपण पाहतोच.

बीदर तेव्हा बरीदशाहीकडे होते. १६१९ मध्ये ते विजापूरकडे गेले, १६५७ मध्ये औरंगजेबाने जिंकले आणि १७२४ नंतर निजामाच्या राज्यात आले. मालक बदलत गेले, कारखाने चालू राहिले. परंपरा सांगते की बहमनी काळात इराणहून आलेल्या अब्दुल्ला बिन कैसर या उस्तादाने ही कला बीदरला आणली. असेलही. परंतु आज हातात असलेल्या वस्तू पाहिल्या तर सर्वात जुन्या सतराव्या शतकाच्या आरंभाच्या आसपास येतात. म्हणजे दख्खनमध्ये तंबाखूचा शौक वाढला तोच हा काळ. माझे स्वतःचे मत असे की कला आधीची असो वा नसो, तिला घरोघरचे गिऱ्हाईक मिळवून दिले ते हुक्क्याने.

हुक्क्याचे चार भाग मानावेत. वर चिलीम, तिच्यात तंबाखू आणि निखारा. मध्ये नळी म्हणजे नेचा. ओढणाऱ्याच्या तोंडाशी मोहनाल. आणि तळाला पाणी भरायचे बूड. धूर पाण्यातून गुडगुडत येतो, म्हणून आपल्याकडे गुडगुडी हा शब्द. नक्षीला जागा मिळते ती बुडावर. शिवाय बूड जड हवे, नाहीतर नळी ओढली की सगळा डोलारा गालिच्यावर. बिदरीचा धातू इथे कामाला आला. तो बहुतांश जस्त असतो. सोळा भाग जस्ताला एक भाग तांबे, असे प्रमाण सर्रास सांगितले जाते. जस्त ४१९ अंशांना वितळते, म्हणजे छोट्या भट्टीवरही ओतकाम होते.

जुनी बुडे नारळासारखी गोल असतात. ती जमिनीवर उभी राहत नाहीत, त्यांना खाली कडे लागते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून घंटेच्या आकाराची, पसरट तळाची बुडे दिसू लागतात. जुन्या चित्रांत नवाबापुढे ठेवलेला हुक्का गोल आहे की घंटेसारखा, यावरून जाणकार चित्राचा काळ ताडतात.

आता काम कसे चालते ते पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. साच्याची माती चाळून तीत एरंडेल आणि राळ मिसळतात. ओतलेले भांडे कानशीने घासून गुळगुळीत करतात आणि त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवतात. भांडे तात्पुरते काळसर होते आणि अणकुचीदार सळईने काढलेली रेघ त्यावर पांढरी उमटते. छापा नाही, कागद नाही. उस्ताद सरळ धातूवर वेल काढत जातो. मग छिन्नीने रेघ खोदतात, तिच्यात चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. गोंद नाही, डाग देणे नाही. पुन्हा घासले की सगळे भांडे राखाडी, चांदी आणि जस्त जवळजवळ एकाच रंगाचे. इतक्या मेहनतीची नक्षी या टप्प्यावर जवळजवळ दिसेनाशी होते.

शेवटी येते बीदरच्या किल्ल्याची माती. शतकानुशतके ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची ही माती सोऱ्याने भरलेली असते. कारागीर ती चिमूटभर जिभेवर ठेवून पारखतात. तिच्यात नवसागर आणि पाणी घालून लेप करतात, भांडे जरा तापवून त्यावर चोळतात. जस्त काळेभोर होते, चांदी जशीच्या तशी राहते. यात तांब्याचा तो थोडासा अंश महत्त्वाचा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत दिसले की हा काळा थर चढायला धातूत तांबे लागतेच. कारागिराला हे प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होते.

नक्षीच्या पद्धतींची नावे फारसी वळणाची आहेत. तार बसवली तर तारकशी. पत्रा कापून बसवला तर तेहनिशान. पत्रा थोडा उचललेला ठेवला तर जरनिशान, चांगला उठावाचा केला तर जरबुलंद. आणि सगळे भांडे चांदीने मढवून तिच्यातच नक्षी कापली, म्हणजे फुले काळी आणि पार्श्वभूमी पांढरी, तर आफताबी. माशाच्या खवल्यांसारख्या भरगच्च नक्षीला माही-पुश्त म्हणतात. हा प्रकार तर शंभर पावलांवरून ओळखू येतो.

जुन्या बिदरीवर कारागिराची सही जवळजवळ सापडत नाही. कोणत्या नवाबाने वापरला, कोणत्या साहेबाने विकत घेतला, याची नोंद मिळेल. कोणी घडवला याची मिळत नाही. आम्हा सरकारी माणसांना यात नवल वाटू नये. आमच्या नोंदवहीत वस्तू, संख्या, किंमत, पुरवठादार असे रकाने असतात. घडवणाऱ्याचा रकाना नसतो. मग ओळखायचे कशावरून? हातावरून.

सतराव्या शतकातल्या कामात मोकळी काळी जागा भरपूर असते. एका कमानीत एकच रोप, अफूचे किंवा आयरिसचे, पाने ऐसपैस. चांदीबरोबर पितळही जडवलेले दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आयरिसची रोपे असलेले असे एक बूड आहे. पुढे नक्षी दाट होत जाते, तारा बारीक होतात, अशरफीच्या आणि तीन पानांच्या बुट्ट्या ओळीने बसतात. लखनौच्या कारागिरांनी हीच कला उचलली, पण त्यांचा ओढा उठावाच्या जरबुलंदकडे. अवधच्या राजचिन्हातले मासे त्यावर दिसले की ठिकाण सांगावे लागत नाही. बिहारच्या पूर्णियातही बिदरीचे हुक्के होत.

हे झाले गावाचे आणि काळाचे हात. एकाच गावातल्या दोन उस्तादांचा हात वेगळा कसा दिसतो, ते पाहायचे तर गळ्याकडे पाहावे. डिप्लोमाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकलेल्यांना आठवत असेल की नळकांड्याचा पृष्ठभाग कागदावर सपाट उलगडता येतो, गोलाचा येत नाही. हुक्क्याचे बूड पोटाशी रुंद, गळ्याशी अरुंद. पोटाशी बसलेली बुट्ट्यांची रांग गळ्यापर्यंत न्यायची कशी? एक उस्ताद फूल लहान लहान करत नेतो. दुसरा फुलाचे माप तेच ठेवतो आणि रांगा कमी करतो, म्हणजे वरच्या रांगा खालच्यांमध्ये सांधाव्या लागतात. तिसरा मध्येच पट्टी मारून वेगळीच वेल सुरू करतो. पट्टीचा मार्ग सर्वात सोपा, आणि खरे सांगायचे तर मला सर्वात कमी आवडणारा. वेल फिरून पहिल्या पानाला मिळते तिथला जोडही पाहावा. काही भांड्यांत तो शोधूनही सापडत नाही, काहींत एक पान दाटीवाटीने कोंबलेले असते. बरकतपुऱ्याहून काचीगुडा, चादरघाट करत मुसी ओलांडली की सालारजंग संग्रहालय. तिथल्या बिदरी दालनात मुलांना नेऊन ही गळ्याची परीक्षा करायला लावावी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीचे इंग्रजही या नादी लागले. १७७९ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या घरच्या निमंत्रणात पाहुण्यांना विनंती होती की हुक्काबरदाराखेरीज दुसरा नोकर आणू नये. आपल्या कोठीच्या रेसिडेन्सीचा कर्कपॅट्रिक तर मुघलाई पोशाखात हुक्का ओढणारा म्हणून प्रसिद्ध. कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन याने १८१४ च्या आपल्या पुस्तकात बिदरीची कृती वजनांसह लिहून ठेवली: १६ औंस तांबे, ४ शिसे, २ कथील एकत्र वितळवायचे आणि त्यातल्या दर ३ औंसांना १६ औंस जस्त घ्यायचे. धातूचे वजन औंसापर्यंत नोंदले आहे. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही बिदरी मांडली गेली.

पुढे साहेबांनी हुक्का सोडला, चिरूट आणि सिगारेट धरली. नवाबांच्या मागच्या पिढ्यांनीही तेच केले. हैदराबादेत वजीर सुलतान कंपनीची चारमिनार सिगारेट खिशात मावू लागली, तिला ना बूड लागे ना बरदार. बिदरीवाल्यांनी पानदान, उगालदान, गालिच्याच्या कोपऱ्यांवर ठेवायचे मीर-ए-फर्श हे पूर्वीही केले होते. आता अॅशट्रे, सिगारेटच्या पेट्या, कफलिंक केले, आणि पुढे फुलदाण्या. आजकालच्या पेन ड्राइव्हवरही बिदरीचे कवच पाहायला मिळते. कला जगली, पण कामाचे माप लहान झाले. बोटभर पट्टीवर गळ्याचा प्रश्नच येत नाही, आणि प्रश्न आला नाही तर तो सोडवणारा हात पुढच्या पोराला कसा शिकवायचा?

१९५६ मध्ये हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा बीदर म्हैसूर राज्यात गेले. कारागीर तिकडे आणि त्यांचे जुने शहरी गिऱ्हाईक इकडे, अशी फाटाफूट झाली. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे गावाचे नाव राखले गेले, ते चांगलेच. २०२३ मध्ये बीदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा निदान एका कारागिराचे नाव देशभर छापून आले.

ज्यांच्या घरी जुने काळे बूड असेल (बऱ्याच ठिकाणी त्यात मनीप्लांट असतो किंवा वर दिव्याची टोपी बसवलेली असते) त्यांना एक विनंती. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत ते चिंच लावून किंवा पितळेच्या पावडरीने घासू नका. काळा थर उतरला की चांदी आणि जस्त पुन्हा एकसारखे राखाडी दिसतील. मऊ सुती फडके आणि तेलाचा एखादा थेंब पुरतो. रंग आधीच उडाला असेल तर बीदरचा कारागीर तो किल्ल्याच्या मातीने परत चढवून देतो. द्यायला जाल तेव्हा ते कोणाच्या हातचे वाटते, एवढे त्याला विचारा आणि तो काय सांगतो ते चिठ्ठीवर लिहून भांड्यातच ठेवा.