चेंडूची ओळख

परमुलखात गेलेल्या प्रवाशाला देवळे, राजवाडे आणि बाजार दाखविणारे पुष्कळ भेटतात. मैदान दाखविणारा सहसा कोणी भेटत नाही. आणि तरीही, ज्या गावाची भाषा येत नाही त्या गावात त्याला सर्वांत आधी कळते ते खेळाचे व्याकरण. दोन चपला ठेवून आखलेला गोल, पंचावाचून चाललेला डाव आणि निकालावरून होणारी भांडणे, यांना दुभाषा लागत नाही.

बसवनगुडीत मराठी प्रवाशाला याहून जवळची एक ओळख पटते. कन्नडमध्ये चेंडूला ‘चेंडु’च म्हणतात. गांधी बाजारात ढिगांनी विकला जाणारा झेंडू तेथे ‘चेंडुहूवु’, म्हणजे चेंडूचे फूल होतो. तुकोबांच्या गाथेत ‘चेंडूफळी’ या नावाखाली अभंग आहेत. म्हणजे ज्या शब्दाने आपल्या संतांनी परमार्थ सांगितला, तो शब्द दोन्ही भाषांच्या अंगणात पूर्वीपासून खेळत आला आहे.

फुटबॉल मात्र या शहरात वेगळ्या वाटेने आला. १८०९ मध्ये इंग्रजांनी लष्करी छावणी वसविली आणि बंगळूरची दोन शहरे झाली : पश्चिमेला म्हैसूर संस्थानची पेठ, पूर्वेला इंग्रजी कॅन्टोन्मेंट. प्लेगच्या काळात, १८९८च्या सुमारास, जुन्या पेठेबाहेर आखलेली बसवनगुडी ही संस्थानी बाजूची वस्ती. तिचे नाव नंदीच्या देवळावरून आले. फुटबॉल रुजला तो मुख्यतः छावणीच्या अंगाने. गोऱ्या पलटणींचा खेळ आसपासच्या वस्त्यांतील पोरांनी पाहिला आणि बुटांवाचूनच उचलला. १९४९ मध्ये दोन्ही शहरांची एक महानगरपालिका झाली. खेळांच्या आवडीतील ती जुनी सीमारेषा मात्र पुढेही पुष्कळ काळ जाणवत राहिली, आणि बसवनगुडीचे नाव क्रिकेटशीच अधिक जोडले गेले.

या खेळाचा मराठी मुलखाशी संबंध जुळला तो मुंबईत. रोव्हर्स चषक १८९१ पासून खेळला जात होता आणि तो प्रायः लष्करी पलटणींकडेच जात असे. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा संघ तो जिंकणारा पहिला भारतीय मुलकी संघ ठरला. १९३८ मध्ये त्याने तो पुन्हा जिंकला. राज्यकर्त्यांचा खेळ राज्यकर्त्यांच्याच स्पर्धेत जिंकून दाखविणे, हा त्या काळी केवळ क्रीडेचा विषय नव्हता.

पुढचे पाऊल लंडनमध्ये पडले. ३१ जुलै १९४८ रोजी स्वतंत्र भारताचा संघ ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरला. बहुतेक खेळाडू अनवाणी होते. भारताचा एकमेव गोल बंगळूरच्या सारंगपाणी रामन यांनी केला. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना २-१ असा गमावला. इंग्रज प्रेक्षकांना त्या अनवाणी पायांचे कौतुक वाटले. ते पाय कोणत्या मैदानांवर घडले, हे त्या कौतुकाला ठाऊक नव्हते.

मार्च २०२३ मध्ये कर्नाटकाने ५४ वर्षांनी संतोष करंडक जिंकला, तोही सौदी अरेबियातील रियाध येथे. ही नोंद इतिहासात राहील. चपलांचे गोल करून खेळलेल्या संध्याकाळी कोणत्याही दप्तरात राहत नाहीत. मोकळी जागा बांधकामाखाली गेली की त्यांची आठवणही पुसली जाते. म्हणून अनोळखी गावी मैदानाच्या कडेला थांबणारा प्रवासी निव्वळ वेळ घालवीत नसतो. ज्याला दुसरा साक्षीदार नाही अशा इतिहासाचा तो काही क्षण साक्षीदार असतो.