प्रल्हाद शिंदे यांच्या गीतांची संकलने आणि श्रोत्यांचे मत : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : ध्वनिफीत, संकलन, भक्तिगीत, भीमगीत, जनसंगीत, श्रोता

प्रस्तावना

कोणताही लोकप्रिय गायक श्रोत्यांपर्यंत पोहोचतो तो त्याच्या सर्व गाण्यांनिशी नव्हे, तर कोणीतरी निवडलेल्या आठ-दहा गाण्यांनिशी. ही निवड म्हणजे संकलन होय. संकलन हे वरकरणी व्यापारी सोयीचे साधन वाटले, तरी गायकाची प्रतिमा तेच घडवते. कोणते गाणे पुढच्या पिढीच्या कानी पडावे आणि कोणते जुन्या तबकडीतच राहावे, याचा निर्णय तेथे होतो. मराठी संगीताच्या इतिहासलेखनात गायक, संगीतकार व कवी यांची चरित्रे भरपूर आहेत. संकलन आणि त्याविषयीचे श्रोत्यांचे मत हा विषय मात्र उपेक्षित राहिला आहे.

प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. कल्याण हे त्यांच्या कुटुंबाच्या वास्तव्याचे शहर. विठ्ठलाची व गणपतीची गाणी, सत्यनारायणाची कथा सांगणारे गीत, लोकगीते, कव्वाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील भीमगीते असा त्यांच्या गायनाचा विस्तार होता. हा विस्तार एकाच गळ्यात सामावला होता, परंतु ध्वनिफितींच्या दुकानात तो वेगवेगळ्या कप्प्यांत विभागला गेला. या विभागणीचा श्रोत्यांच्या मतावर काय परिणाम झाला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

उद्दिष्टे

१) तबकडीपासून ध्वनिफितीपर्यंतच्या तांत्रिक बदलाने संकलन कसे शक्य झाले, हे पाहणे.
२) भक्तिगीत व भीमगीत या विभागणीमागील सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३) संकलनाविषयी श्रोत्यांमध्ये आढळणाऱ्या मतप्रवाहांचा व कायद्याच्या चौकटीचा परस्परसंबंध शोधणे.

अभ्यासपद्धती

सामान्य श्रोत्याचे मत सहसा लिहिले जात नाही. नाट्यसंगीताच्या मैफलीला समीक्षक लाभतो, चाळीतील ध्वनिवर्धकाला लाभत नाही. म्हणून श्रोत्याचे मत त्याच्या वर्तनातून वाचावे लागते : कोणत्या प्रसंगी कोणते गाणे लावले जाते, कोणते पुन्हा विकत घेतले जाते आणि कोणत्या आवाजाला ‘मूळ’ म्हटले जाते. हा निबंध ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने लिहिला असून श्रोत्यांची संख्यात्मक पाहणी हा त्याचा हेतू नाही.

तबकडी ते ध्वनिफीत

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता येथे प्रारंभ झाला. पुढील अनेक दशके मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी हे त्याचे प्रमुख माध्यम होते. तिच्या एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बसे. त्यामुळे दोन गाणी हाच श्रोत्याचा एका वेळचा अनुभव असे. दीर्घवादन तबकडीने ही मर्यादा ओलांडली, तरी तिची आणि ती वाजविणाऱ्या यंत्राची किंमत कामगार कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. या वर्गाचा श्रोता आकाशवाणीवर, हॉटेलातील रेडिओवर आणि सार्वजनिक उत्सवातील कर्ण्यावर अवलंबून होता. आपल्या निवडीची गाणी आपल्या क्रमाने ऐकण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये जगापुढे आणलेली ध्वनिफीत भारतात सत्तरीच्या दशकाअखेर सर्वत्र पसरू लागली. आखाती देशांत नोकरीस गेलेल्यांनी आणलेले ‘टू-इन-वन’ हे त्या काळातील घराघरांतील प्रतिष्ठेचे चिन्ह होते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या सुपर कॅसेट्स अर्थात टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी किंमती खाली आणल्या आणि एच.एम.व्ही.ची दीर्घकाळची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या उत्तर भारतावरील ग्रंथात या घटनेचे सविस्तर विवेचन केले आहे. स्वस्त ध्वनिफितीमुळे संगीतनिर्मितीचे विकेंद्रीकरण झाले आणि प्रादेशिक व स्थानिक संगीतास बाजारपेठ मिळाली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. महाराष्ट्रासही ते लागू पडते. आनंद व मिलिंद शिंदे या प्रल्हाद शिंदे यांच्या पुत्रांची ऐंशीच्या दशकातील लोकप्रियता ध्वनिफितीवाचून अशक्य होती.

साठ मिनिटांच्या ध्वनिफितीत आठ ते बारा गाणी सहज बसत. तबकडीवरची सुटी गाणी एकत्र करून विकणे कंपनीला फायद्याचे होते, कारण नवे ध्वनिमुद्रण करावे लागत नव्हते. श्रोत्यालाही ते हवे होते. मात्र येथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ ही छप्पन्न गीतांची आरंभापासून आखलेली रचना होती. तिचा क्रम कवीने ठरविला होता. प्रल्हाद शिंदे यांच्या संकलनांचा क्रम बाजाराने ठरविला.

ऐकण्याचा परिसर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली आणि १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणहून एक मार्ग कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे जातो, त्यामुळे देशावरून मुंबईकडे येणारा माणूस येथून पुढे जातो किंवा येथेच स्थिरावतो. शहाड, आंबिवली व डोंबिवली येथील कारखानदारीने या वस्तीत भर घातली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका, जिच्या नावात पुढे डोंबिवलीही आले, १९८३ मध्ये अस्तित्वात आली. ध्वनिफितीचा प्रसार आणि या शहरांची वाढ या घटना एकाच दशकातील आहेत.

या परिसरात संगीताचे निरनिराळे श्रोते शेजारी-शेजारी राहतात. एकीकडे ठाण्यातील गडकरी रंगायतनासारख्या (१९७८) नाट्यगृहांत नाटक, भावगीत व नाट्यगीत यांचा रसिक आहे. दुसरीकडे लोकलच्या डब्यात टाळ-ढोलकीवर भजन म्हणणारी मंडळे आहेत. चाळीतील व सोसायटीतील सत्यनारायणाच्या पूजेला प्रल्हाद शिंदे यांचा आवाज लागतो आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्याच परिसरात भीमगीते दुमदुमतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारा अनुयायी दादरहून परतताना पुस्तकांबरोबर गाण्यांची ध्वनिफीत, आणि पुढे सीडी, घेऊन येत असे. अशोक दा. रानडे यांनी ‘जनसंगीत’ ही स्वतंत्र कोटी मानली. या परिसरातील श्रवणव्यवहार समजून घेण्यास ती उपयुक्त ठरते, कारण येथे भक्तिसंगीत, लोकसंगीत व चळवळीचे गाणे एकाच यंत्रातून ऐकले जाते.

दोन कप्पे, एक गायक

आंबेडकरी गाण्याची परंपरा ध्वनिफितीहून जुनी आहे. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे केले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी खेडोपाडी फिरून हे गाणे लोकांच्या ओठी बसविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर या परंपरेस नवा आशय प्राप्त झाला. दीक्षेसमयीच्या बावीस प्रतिज्ञांत हिंदू देवतांची उपासना न करण्याचा स्पष्ट निर्धार आहे.

येथेच प्रल्हाद शिंदे यांच्याविषयीच्या मतभेदाचे मूळ सापडते. आंबेडकरी समाजातून आलेला गायक सत्यनारायणाची कथा गातो, याचा अर्थ कसा लावावयाचा? एक मत असे की, ही प्रतिज्ञांशी विसंगती आहे. दुसरे मत असे की, गायन हा पोटाचा व्यवसाय होता आणि कंपनी जे मागे ते गाणे गायकास भाग होते. तिसरे मत या दोहोंहून वेगळे आहे. ज्यांना शतकानुशतके मंदिराच्या पायरीवर रोखले गेले, त्यांच्यातील एकाच्या आवाजावाचून घरोघरची पूजा पुरी होत नाही, यात या मतास इतिहासाचा न्याय दिसतो.

गीतकार हरेंद्र जाधव यांचे उदाहरण येथे पडताळ्यासाठी घेता येते. गणेशोत्सवात सर्वत्र वाजणारे प्रल्हाद शिंदे यांचे गणेशगीत त्यांनी लिहिले आणि गाजलेली भीमगीतेही त्यांनीच लिहिली. म्हणजे गायकाप्रमाणे गीतकारही दोन्ही कप्प्यांत आहे. संकलनाच्या वेष्टनावर मात्र ‘भक्तिगीते’ किंवा ‘भीमगीते’ असा एकच शब्द असतो. त्यामुळे पूजेला गाणे लावणाऱ्या अनेकांना हा गायक भीमगीतेही गातो याची जाणीव राहत नाही. संकलनाने गायक सर्वांपर्यंत पोहोचविला, पण त्याची सामाजिक ओळख वेष्टनाबाहेर ठेवली.

‘मूळ आवाज’ आणि कायदा

श्रोत्यांचा दुसरा वाद ध्वनीच्या दर्जाविषयी आहे. जुन्या मुद्रणात तबकडीची खरखर आहे आणि ढोलकी, टाळ व कोरस यांची गर्दी आहे. काहींना ते उणे वाटते, तर काहींना त्यातच गाण्याचा जिवंतपणा जाणवतो. नव्या वाद्यमेळात पुन्हा गायलेली आवृत्ती स्वच्छ असली, तरी ‘हे ते नव्हे’ असा अभिप्राय जुना श्रोता देतो. या अभिप्रायामागे केवळ स्मरणरंजन नसते. प्रतिकृती ओळखण्याचे कान त्याच्यापाशी असतात.

अशा प्रतिकृतींना कायद्यानेच वाट दिली होती. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ५२(१)(ञ) नुसार मूळ मुद्रणानंतर दोन कॅलेंडर वर्षे उलटल्यावर, सूचना व स्वामित्वशुल्क देऊन, तेच गाणे अन्य आवाजात मुद्रित करता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही तरतूद अधिक कडक केली व कालावधी पाच वर्षांचा केला. गायकाची स्थिती तर त्याहून दुबळी होती. १९९४ च्या दुरुस्तीपूर्वी सादरकर्ता म्हणून गायकास भारतीय कायद्यात स्वतंत्र हक्क नव्हता. व्यापारी वापरावरील स्वामित्वशुल्काची तरतूद २०१२ मध्ये आली, तेव्हा प्रल्हाद शिंदे यांच्या निधनास आठ वर्षे झाली होती. तबकडीवरची गाणी ध्वनिफितीत आणि ध्वनिफितीवरची सीडीत गेली. या प्रत्येक संकलनात गायकाचा वाटा कराराच्या भाषेवर अवलंबून होता, कायद्यावर नव्हे. सर्वांत अधिक ऐकला जाणारा आवाज कायद्यापुढे असा मुका होता.

या कायद्याची दुसरी बाजूही आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धातील मुद्रणे आता या बंधनातून मुक्त झाली आहेत. शब्द व चाल यांवरील हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे असतात, म्हणून केवळ मुद्रणाच्या मुक्ततेने प्रश्न सुटत नाही. तरीही कंपनीखेरीज अन्य कोणी, उदाहरणार्थ एखादे ग्रंथालय वा महाविद्यालय, रीतसर परवानगी घेऊन कालानुक्रमाने संकलन सिद्ध करू शकेल, अशी परिस्थिती प्रथमच निर्माण होत आहे.

निष्कर्ष

१) प्रल्हाद शिंदे यांची लोकप्रियता ध्वनिफितीने व्यापक केली. परंतु त्यांची निवडक प्रतिमा कंपन्यांच्या संकलनांनी घडविली.
२) भक्तिगीत व भीमगीत ही विभागणी गायकाने केलेली नाही. ती बाजाराची असून जातिव्यवस्थेने दुभंगलेल्या श्रोतृवर्गाचे प्रतिबिंब तिच्यात दिसते.
३) मूळ मुद्रणाविषयीचा श्रोत्यांचा आग्रह ही एक प्रकारची समीक्षा आहे व इतिहासकाराने ती साधन म्हणून स्वीकारली पाहिजे.
४) गायकाच्या हक्काचा कायदा उशिरा आल्याने ध्वनिफितीच्या भरभराटीच्या काळात संकलनावर गायकाचा अधिकार राहिला नाही.

प्रल्हाद शिंदे यांचे नातू आदर्श शिंदे यांच्यामुळे या घराण्याचा आवाज तिसऱ्या पिढीत पोहोचला आहे. आजचा श्रोता भ्रमणध्वनीवर स्वतःची यादी स्वतः तयार करतो. त्या यादीत विठ्ठलाच्या गाण्याखाली भीमगीत येऊ शकते, कारण तेथे कप्पा करणारा दुकानदार नाही. श्रोता ही मोकळीक वापरतो किंवा नाही, यावर हा गायक पुढील पिढीस अर्धा मिळणार की पुरा, हे अवलंबून राहील.