फैजपूर अधिवेशन आणि घरगुती स्वच्छतेची साधने

डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली फैजपूर येथे राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होय. नंदलाल बोस यांनी केलेल्या सजावटीची चर्चा वारंवार होते. सफाईची फारशी होत नाही.

वास्तविक खानदेशातील घर स्वच्छच असे. अंगणात शेणाचा सडा, जमिनीला सारवण, भांड्यांना राख, रेशमी वस्त्रांना रिठा. ही सर्व साधने घरात वा शिवारातच मिळत आणि ती हाताळणारी बहुधा स्त्री असे. (इतिहासलेखनाने तिच्या या श्रमाची नोंद क्वचितच घेतली.) मैला मात्र उंबरठ्याबाहेरचा मानला जाई व तो वाहणारे हात जातीने ठरत. मैला मातीने झाकल्यास दुर्गंधी व माश्या टळतात, त्याचे सोनखत होते, असे महात्मा गांधी सांगत. म्हणजे येथेही साधन साधेच होते. प्रश्न हातांचा होता. फैजपुरात साने गुरुजींनी स्वतः मैला वाहिला, या घटनेचे महत्त्व यातच आहे.

अधिवेशन आटोपले, स्वयंसेवक परतले. गावोगावची प्रथा मात्र राहिली. तिच्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला.